विवराचा काठ कशासाठी?

प्रश्न : ‘ऑपॉर्च्युनिटी’ रोव्हरने मंगळावरच्या एका मोठ्या विवराच्या काठापर्यंत जायला तीन वर्षं घालवली आणि पुढचं सगळं आयुष्य त्या काठावरच काढलं, असं वाचनात आलं. एवढ्या लांब गेल्यावर विवरात उतरून तळ पाहायचा सोडून तो काठावरच का फिरत राहिला? तिथे असं काय होतं?

उत्तर : कारण त्या विवराचा तळ झाकलेला आहे आणि काठ उघडा आहे. एवढ्यावरही उत्तर संपलं असतं, पण मंगळाच्या शोधातला मला सर्वांत आवडणारा भाग नेमका याच प्रश्नात आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

विवराचं नाव एंडेव्हर. मंगळाच्या विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला मेरिडियानी प्लॅनम नावाचं अफाट सपाट मैदान आहे, तिथे ते आहे. व्यास २२ किलोमीटर. साडेतीन अब्ज वर्षांहूनही आधी एक मोठी अशनी तिथे आदळली आणि ते तयार झालं. पुढे त्या मैदानावर गंधकाच्या क्षारांनी भरलेल्या वालुकाश्माचे थर साचत गेले. ते विवराच्या पोटातही साचले आणि बाहेरून काठालाही येऊन भिडले. काठाचे उंच भाग तेवढे बुडायचे राहिले. आज तिथे बुटक्या टेकड्यांची एक तुटक माळ दिसते.

ऑपॉर्च्युनिटी २५ जानेवारी २००४ रोजी याच मैदानात, ईगल नावाच्या एका लहानशा खळग्यात उतरला. योगायोग असा की तो खळगा २२ मीटरचा होता आणि शेवटी गाठलेलं विवर २२ किलोमीटरचं. रोव्हरने ९० मंगळदिवस काम करावं एवढीच अपेक्षा होती. उतरल्यापासूनची साडेसात वर्षं तो मैदानातला वालुकाश्मच वाचत होता. ईगलमध्ये, मग एंड्युरन्स विवरात, मग व्हिक्टोरिया विवरात. लोहाच्या हेमॅटाइट या खनिजाच्या बारीक गोळ्या त्याला सापडल्या, जॅरोसाइट सापडलं. जॅरोसाइट तयार व्हायला आम्लयुक्त पाणी लागतं. म्हणजे मेरिडियानीत पाणी होतं हे नक्की झालं, पण ते आंबट, अतिशय खारट आणि बहुधा मधूनमधूनच वर येणारं. जीवसृष्टीचा विचार करणाऱ्याला असं पाणी फारसा दिलासा देत नाही. एंडेव्हरच्या पोटात उतरलं असतं तर पुन्हा त्याच जातीचा खडक समोर आला असता, आणि त्या खडकाने सांगायचं ते बरंचसं सांगून झालं होतं.

काठाची गोष्ट वेगळी. अशनी सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येते, आदळल्यावर जमिनीतून प्रचंड दाबाची लाट जाते, आणि मधला खडक उडून जात असताना कडेचे थर वर उचलले जातात, बाहेरच्या बाजूला कलतात, काही ठिकाणी पार उलटतात. उडालेला मालही काठावर आणि काठापलीकडे येऊन पडतो. खोल नांगरटीत खालची माती वर यावी तसा खालचा, म्हणजे जुना, खडक उजेडात येतो. एरवी त्या खडकापर्यंत पोहोचायला शेकडो मीटर खणावं लागलं असतं, आणि या रोव्हरच्या हातातलं दगड घासायचं यंत्र काही मिलिमीटरच खोल जाऊ शकत होतं. निसर्गाने खणून ठेवलेल्या जागी जाणं हाच त्याच्यापुढचा मार्ग होता.

हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार आहे. तिथे आपण सरोवराकडे आणि देवळांकडे बघतो, काठाकडे फारसं कुणी बघत नाही. पण काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीस-तीस मीटरने उंच आहे, आणि एरवी दख्खनभर आडवे पसरलेले बेसॉल्टचे थर तिथे बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. बेसॉल्टमध्ये अशनीच्या आघाताने झालेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत, आणि मंगळाचं कवच मुख्यतः बेसॉल्टचंच आहे. म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारचे दगड तपासत आले आहेत. लोणारचा व्यास जेमतेम पावणेदोन-दोन किलोमीटर. एंडेव्हर त्याच्या दहापटीहून मोठं आहे, तेव्हा तिथे खडक किती खोलातून वर आला असेल याचा अंदाज करता येतो.

२००८ च्या ऑगस्टअखेर रोव्हर व्हिक्टोरियातून बाहेर पडला आणि सप्टेंबरमध्ये एंडेव्हरकडे निघायचं ठरलं. सरळ रेषेत अंतर सुमारे १२ किलोमीटर होतं. चालावं लागलं सुमारे २१, कारण वाटेत वाळूच्या मोठ्या लाटा होत्या. २००५ मध्ये अशाच एका वाळूच्या उंचवट्यात चाकं रुतून रोव्हर महिन्याहून अधिक काळ अडकला होता, तेव्हा आता वळसा घालून जाणंच शहाणपणाचं होतं. निघताना कारण एवढंच होतं की विवर मोठं आहे, त्यामुळे खडक अधिक खोलातला मिळेल. रोव्हर वाटेवर असतानाच, २००९ मध्ये, मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मार्स रिकॉनेसन्स ऑर्बिटर’च्या वर्णपटमापकाच्या निरीक्षणांतून काठावर स्मेक्टाइट जातीची मृत्तिका, म्हणजे चिकणमातीचं खनिज, असल्याचं कळलं. ही खनिजं आंबट पाण्यात सहसा तयार होत नाहीत. त्यांना सौम्य पाणी लागतं, आणि तेही खडकाच्या संगतीत बराच काळ. मैदानातल्या वालुकाश्माच्या आधीचं, वेगळ्या प्रकारचं पाणी त्या काठावर नोंदलेलं असण्याची शक्यता दिसली. त्या दिवसापासून हा प्रवास निव्वळ धाडस राहिला नाही.

९ ऑगस्ट २०११ रोजी रोव्हर काठाच्या केप यॉर्क नावाच्या तुकड्यावर पोहोचला. जिथे पहिलं पाऊल पडलं त्या जागेला ‘स्पिरिट पॉइंट’ नाव दिलं गेलं. स्पिरिट हा त्याचा जुळा भाऊ, मंगळाच्या दुसऱ्या बाजूला उतरलेला, आणि त्याची मोहीम त्याच वर्षी मे महिन्यात संपल्याचं जाहीर झालं होतं. बाकीची नावं कॅप्टन जेम्स कुकच्या ‘एंडेव्हर’ जहाजाच्या सफरीतून घेतली आहेत : केप यॉर्क, सोलँडर पॉइंट, केप ट्रिब्युलेशन, केप बायरन. ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा नकाशात पाहिला तर ही सगळी ठिकाणं सापडतील.

पहिल्याच काही आठवड्यांत फरक दिसला. ‘टिस्डेल २’ नाव दिलेला एक दगड तपासला, त्यात जस्ताचं प्रमाण रोव्हरने तोवर पाहिलेल्या कुठल्याही दगडापेक्षा खूप जास्त निघालं. आघाताच्या उष्णतेने तापलेलं पाणी भेगाळलेल्या खडकातून फिरलं की जस्त असं एका जागी गोळा होऊ शकतं. मग नोव्हेंबरमध्ये केप यॉर्कच्या पायथ्याशी एक पांढुरकी शीर दिसली. अंगठ्याएवढी रुंद, अर्ध्या मीटरच्या आत-बाहेर लांब, जमिनीच्या किंचित वर आलेली. तिला ‘होमस्टेक’ नाव मिळालं. तपासणीत ती जिप्समची निघाली. प्लास्टर ऑफ पॅरिस ज्याच्यापासून करतात तेच हे खनिज. शीर होण्यासाठी खडकाला भेग पडावी लागते, भेगेतून पाणी वाहावं लागतं आणि पाण्यातला क्षार तिथेच बसावा लागतो. वाऱ्याने उडून येऊन अशी शीर होत नाही. मैदानातलं जिप्सम दुसरीकडून वाहून आलेलं असू शकतं अशी शंका घेता येते. होमस्टेकबद्दल ती घेता येत नाही, ते जिथे तयार झालं तिथेच आहे.

पण माझ्या मते काठावरचं सर्वांत मोलाचं काम झालं ते २०१२-१३ मध्ये, केप यॉर्कच्याच मॅटिजेव्हिक टेकडीवर. मंगळावरच्या पहिल्या रोव्हरांच्या उभारणीत मोठा वाटा असलेले अभियंते जेक मॅटिजेव्हिक ऑगस्ट २०१२ मध्ये वारले, त्यांच्या नावाची ही टेकडी. कक्षेतून मृत्तिका दिसली होती ती इथेच. अडचण अशी की तोवर रोव्हरची खनिज ओळखणारी दोन्ही उपकरणं निकामी झाली होती. एक धुळीने आंधळं झालं होतं. दुसऱ्यात कोबाल्ट-५७ होतं, आणि त्याचं अर्धायुष्य २७१ दिवसांचं असल्यामुळे आठ वर्षांनी त्यात काही दम उरला नव्हता. हाताशी होतं ते मूलद्रव्यं मोजणारं यंत्र, सूक्ष्मदर्शक कॅमेरा आणि दगड घासायचं यंत्र. म्हणून वर कक्षेतून खनिज कोणतं ते ओळखायचं, खाली रोव्हरने नेमका दगड शोधून त्याची मूलद्रव्यं मोजायची, आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते पाहायचं, अशी पद्धत बसवावी लागली. कित्येक आठवडे रोव्हरने टेकडीला फेऱ्या घालून आधी कोणता थर कुठे आहे याचा नकाशा केला आणि मगच हात पुढे केला. मैदानी भूशास्त्रज्ञ डोंगरात गेल्यावर हेच करतो. तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात असलेले स्टीव्ह स्क्वायर्स आणि सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे रे आर्व्हिडसन हे मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ, दोघेही पेशाने खडक वाचणारे. त्यांचा हात या कामात स्पष्ट दिसतो.

नकाशातून निघालं ते असं. वर आघातात फुटलेल्या तुकड्यांचा एकजीव झालेला खडक, आणि त्याच्या खाली बारीक कणांचे फिकट थर. हे खालचे थर आघाताच्या आधीचे. म्हणजे अशनी येऊन पडली तेव्हा ते जमिनीत होतेच. विवरापेक्षाही जुने दगड! ऑपॉर्च्युनिटीने पाहिलेले हे सर्वांत जुने खडक. त्यांतच ‘एस्परन्स’ नावाचा एक दगड होता. त्यात ॲल्युमिनियम आणि सिलिका भरपूर, कॅल्शियम आणि लोह कमी. बेसॉल्टमधून पुष्कळ पाणी जाऊन त्यातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेतं तेव्हा असं होतं, आणि मागे मृत्तिका राहते. नुसतं ओलसर होऊन एवढा बदल होत नाही. पाणी वाहतं असावं लागतं, आणि त्या पाण्याची जात आम्लयुक्त नव्हे, पिण्याच्या पाण्याच्या जवळ जाणारी. ही निरीक्षणं २०१४ च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मैदानातला वालुकाश्म आणि काठावरची मृत्तिका शेजारी ठेवून वाचली तर क्रम लागतो : आधी सौम्य पाण्याचा ओला काळ, मग आघात, आणि त्यानंतर हळूहळू आंबट, खारट होत कोरडं पडत गेलेलं मैदान. जिथे जिवाणूंना जगता आलं असतं असा काळ तो आधीचा. तळात उतरलो असतो तर हा आधीचा काळ भेटलाच नसता.

प्रश्न : काठावर चढउतार असणार. सौरऊर्जेवर चालणारा, एवढा जुना झालेला रोव्हर तिथे चालवत कसे होते?

उत्तर : सावकाश आणि पुष्कळदा उलटा. कठीण सपाट जमिनीवरही त्याचा कमाल वेग सेकंदाला ५ सेंटिमीटर होता. पृथ्वीवरून मंगळापर्यंत संदेश जायला तीन ते बावीस मिनिटं लागतात, तेव्हा इथे बसून समोर बघत चालवणं शक्यच नाही. रोव्हर चालवणाऱ्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतली मंडळी आदल्या दिवशीची छायाचित्रं पाहून दिवसभराच्या आज्ञा एकदम पाठवत, आणि परिणाम दुसऱ्या दिवशी कळे. पुढच्या उजव्या चाकाचं वळण २००५ मध्येच अडकलं होतं आणि पुढे त्याची मोटारही जास्त वीज ओढू लागली, म्हणून तिच्यावरचा ताण कमी करायला रोव्हरला मागे मागे चालवलं जाई. २०१७ मध्ये पुढच्या डाव्या चाकानेही वळायला त्रास दिला. ते सरळ करून घेतलं आणि तिथून पुढे वळायचं काम मागच्या चाकांवर आणि दोन्ही बाजूंच्या चाकांच्या वेगातल्या फरकावर सोपवलं.

काठाच्या चढाचा मात्र फायदा झाला, आणि हे मला फार सुंदर वाटतं. मेरिडियानी दक्षिण गोलार्धात असल्यामुळे हिवाळ्यात तिथे सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. उत्तरेकडे झुकलेला उतार मिळाला तर त्यावर रोव्हर तिरका उभा करून सौरपट्ट्या सूर्यासमोर आणता येतात. २०१२ चा हिवाळा त्याने केप यॉर्कच्या अशाच एका उतारावर काढला. रोनाल्ड ग्रीली या ग्रहवैज्ञानिकाच्या स्मरणार्थ त्या जागेला ‘ग्रीली हेवन’ म्हणतात. सपाट मैदानात ही सोय नव्हती. शिवाय काठाच्या कण्यावर वारा असतो, आणि २०१४ च्या मार्चमध्ये काठाच्या मरे रिज नावाच्या भागावर त्याने पट्ट्यांवरची धूळ इतकी साफ केली की वीज पुन्हा भरपूर मिळू लागली.

त्याच वर्षी जुलैअखेर एकूण अंतर ४० किलोमीटरपलीकडे गेलं आणि १९७३ मध्ये सोव्हिएत संघाच्या लुनोखोद-२ ने चंद्रावर केलेला सुमारे ३९ किलोमीटरचा विक्रम मोडला. २४ मार्च २०१५ रोजी मॅरेथॉनचं अंतर पूर्ण झालं. तिथल्या खिंडीला मॅरेथॉन व्हॅली हेच नाव आहे, आणि तिथेही मृत्तिका होती.

प्रश्न : “माझी बॅटरी संपत आली आहे आणि अंधार होतोय” हे त्याचे शेवटचे शब्द खरे का?

उत्तर : असं वाक्य त्याने पाठवलं नाही. रोव्हर वाक्यं पाठवत नसतो. १० जून २०१८ रोजी शेवटचा संपर्क झाला तेव्हा आलेल्या आकड्यांत दोन महत्त्वाचे होते : सौरपट्ट्यांपासून मिळालेली ऊर्जा अवघी २२ वॉट-तास, आणि आकाशाची अपारदर्शकता १०.८. मोहिमेच्या सुरुवातीला रोज सुमारे ९०० वॉट-तास मिळत. १०.८ अपारदर्शकता म्हणजे भर दुपारीही सूर्याचं बिंब दिसणार नाही, अशी धूळ. या दोन आकड्यांचा अर्थ एका पत्रकाराने २०१९ मध्ये त्या वाक्यात मांडला आणि तेच वाक्य लोकांनी रोव्हरच्या तोंडी घातलं. लोकांना ते भिडलं यात गैर काहीच नाही. मला स्वतःला ते दोन आकडेच जास्त हलवून जातात, कारण ते खरोखर तिथून आले. साऱ्या ग्रहावर पसरलेलं ते वादळ ओसरल्यावरही महिनोन्‌महिने हजारावर आज्ञा पाठवल्या गेल्या. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी मोहीम संपल्याचं जाहीर झालं. एकूण अंतर ४५.१६ किलोमीटर.

प्रश्न : बंद पडला तेव्हा काठावरचं काम पूर्ण झालं होतं का?

उत्तर : नाही. २०१७ पासून तो केप बायरनजवळ काठाच्या आतल्या उतारावरच्या पर्सिव्हरन्स व्हॅलीत होता. सुमारे २०० मीटर लांबीची, पंधरा-सतरा अंशांच्या उताराची ही घळ. ती पाण्याने कोरली, बर्फाने, वाऱ्याने, की चिखल-दगडांच्या लोंढ्याने, हा प्रश्न होता. २०१८ च्या सुरुवातीला तिथे दगडगोट्यांच्या ओळी दिसल्या. हवाईतल्या मौना केआवर ओली माती गोठण्या-वितळण्याने अशा ओळी होतात. त्यामुळे बर्फाच्या बाजूने थोडं झुकतं माप पडलं, पण निकाल लागला नाही. रोव्हर घळीच्या निम्म्या वाटेवर असतानाच वादळ आलं.

दुसरा अपुरा राहिलेला प्रश्न वयाचा. एंडेव्हरच्या काठासाठी वर दिलेलं वय हे पृष्ठभागावरच्या लहान-मोठ्या विवरांची संख्या मोजून बांधलेला अंदाज आहे. तो पडताळण्याची वाट कदाचित दुसऱ्याच एका विवराच्या काठावरून जाते. ‘पर्सिव्हरन्स’ नावाचा दुसरा रोव्हर ४५ किलोमीटर रुंद जेझेरो विवराच्या तळातून सुमारे ५०० मीटर चढून १२ डिसेंबर २०२४ रोजी काठाच्या माथ्यावर पोहोचला, त्यामागेही हेच कारण होतं : वर उचलला गेलेला जुना खडक. फरक एवढा की तो वीज अणुऊर्जेपासून घेतो, तेव्हा धुळीच्या वादळाने त्याचं काम थांबत नाही, आणि खडकाचे गाभे नळ्यांत बंद करून ठेवतो. काठावरचे नमुनेही त्याने घेतले आहेत. त्या नळ्या पृथ्वीवर कधी आणि कशा आणायच्या हे अजून ठरलेलं नाही. आल्या तर किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या मोजणीवरून मंगळावरच्या एखाद्या विवराच्या काठाचं वय प्रथमच प्रयोगशाळेत ठरवता येईल, आणि त्या आकड्यावर एंडेव्हरसाठी केलेला अंदाजही तपासून घेता येईल.